दोन दुलयांची खोली

लेकाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप चार ओळींचा होता. रिसेप्शन रात्री आठला बंद होतं. त्यानंतर चावी फाटकाजवळच्या पेटीत. पेटीचा कोड मेलवर पाठवलाय. आणि प्लीज, रात्री दहानंतर तिथे मोठ्याने बोलू नका. शेवटची ओळ कुणासाठी होती हे घरात सगळ्यांना कळलं, ज्यांच्यासाठी होती ते सोडून.

लेक बर्लिनमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतो. त्याचं घर म्हणजे तिघांच्या फ्लॅटमधली एक खोली. आम्हा दोघांना तिथे ठेवायचं तर त्याला स्वयंपाकघरात झोपावं लागलं असतं. म्हणून त्याने आमच्यासाठी दालेम भागात, त्याच्या संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर, एक जुना बंगला शोधला. बंगल्याचं हॉटेल केलेलं, खोल्या फक्त अकरा. रात्रीचे ११८ युरो, न्याहारी धरून. मी लगेच रुपयांत गुणाकार करायला घेतला, तर हे म्हणाले, "अगं, गुणाकारच करायचे असतील तर पुण्यातच थांब." हा नियम मी पाचापैकी साधारण दोन दिवस पाळला.

दालेम हे नाव मला परकं नव्हतं. ३१ वर्षं बारावीला फिजिक्स शिकवलं. अणूचं विखंडन आलं की फळ्यावर 'डिसेंबर १९३८, हान आणि स्ट्रासमान' असं लिहायचे, आणि मुलं ते वहीत उतरवायची, प्रश्न न विचारता. तो प्रयोग झाला ती इमारत दालेममध्ये आहे. आणखी एका इमारतीसाठी मला तिथे जायचं होतं, पण ती गोष्ट नंतर.

आम्ही पोचलो जूनमधल्या एका गुरुवारी, विमान दोन तास उशिरा. लेकाची नेमकी त्याच दिवशी हॅम्बुर्गला प्रयोगाची पाळी लागली होती, त्यामुळे विमानतळावर घ्यायला कुणी नाही. त्याने लिहून दिलं होतं तसं केलं: एबीसी विभागाचं तिकीट काढायचं, ते फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा (नाही मारला तर तिकीट असून फुकटे), एस ४५ या लोकलने झ्यूडक्रॉइत्सपर्यंत, मग एस ४१, मग हायडेलबर्गर प्लात्सला उतरून जमिनीखालची यू ३. ते जमिनीखालचं स्टेशन बघून मी बॅग धरून उभीच राहिले. कमानींचं छत, जाडजूड खांब, एखाद्या चर्चमध्ये चुकून रूळ टाकल्यासारखं. "ट्रेन आली," हे ओरडले. सगळा फलाट आमच्याकडे बघायला लागला. पहिला इशारा तिथेच मिळाला म्हणायचा.

दालेम डोर्फचं स्टेशन त्याच्या अगदी उलट. गवताने शाकारलेलं छप्पर आणि लाकडी चौकटींच्या भिंती, एखाद्या खेडूत वाड्यासारख्या. ही मेट्रो १९१३ साली इथे आली. त्याआधी दालेम म्हणजे सरकारी मालकीची शेतीवाडी होती. १९०१ पासून तिचे भूखंड पाडून बंगल्यांसाठी विकायला सुरुवात झाली, आणि शेजारीच विज्ञानसंस्थांसाठी जागा राखून ठेवली. जर्मनीचं ऑक्सफर्ड उभं करायचं असा बेत होता. शेत, बंगला आणि प्रयोगशाळा ही तिन्ही आजही एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून आहेत. स्टेशनासमोरच अजून खरीखुरी शेती चालते, गाईंसकट.

रात्रीचे नऊ वाजून गेले होते, पण उजेड आपल्या सहा वाजल्यासारखा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं, फुलांवर आलेली, त्यांचा मधासारखा वास. माणूस एक नाही. फरसबंदीवरून आमच्या दोन बॅगांच्या आठ चाकांचा जो काही गडगडाट चालला होता, तसा त्या रस्त्याने रणगाड्यांनंतर ऐकला नसेल. एका खिडकीचा पडदा हलला. मग हे बॅग उचलून चालायला लागले, तेवीस किलोची, आणि मला म्हणाले, "तुझी ओढ, तुझी जरा हळू वाजते."

पेटीचा कोड चार आकडी होता. तो दाबला की कळ खाली ओढायची. आम्ही कळ आधी ओढली, मग कोड दाबला, मग दोन्ही एकदम केलं. शेवटी एक कुत्रं फिरवणारे आजोबा थांबले. एक शब्द न बोलता त्यांनी कळ खाली ओढून दाखवली, मोबाइलमधल्या आकड्यांकडे बोट केलं, पाठ फिरवून उभे राहिले. आम्ही कोड दाबताना त्यांना दिसू नये म्हणून! पेटी उघडली तशी मान हलवून निघून गेले. कुत्रंही भुंकलं नाही.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नाही. जिना ओक लाकडाचा, मधोमध गालिचा, आणि तरीही चौथी आणि अकरावी पायरी करकरणारी. (पाच दिवसांत त्या दोन्ही चुकवून चढायला शिकलो.) खोली मात्र बघत राहावी अशी. उंच छत, छताच्या कडेने प्लास्टरची वेलबुट्टी, जुन्या पद्धतीच्या दुहेरी खिडक्या, एकीच्या आत एक, मधल्या वीतभर जागेत कुणीतरी ठेवलेली शंखांची ओळ. टेबलावर पितळी दिवा. पंखा नाही, एसी नाही, चहाची किटली नाही. आणि पलंग दुहेरी, पण त्यावर गाद्या दोन, दुलया दोन, मधे एक फट. हे त्या फटीकडे बघत म्हणाले, "लेकाने यांना काय सांगून ठेवलंय?" त्याने काही सांगितलं नव्हतं. जर्मनीत नवरा-बायकोंच्या पलंगावर दुलया दोनच असतात. छत्तीस वर्षांच्या संसारात पांघरूण ओढण्यावरून झालेली सगळी भांडणं मला एका क्षणात आठवली, आणि त्या रात्री मी जी झोपले तशी कित्येक वर्षांत झोपले नव्हते. परत आल्यावर इथल्या घरीही मी दुलई वेगळी घेतली आहे.

बाथरूमची खिडकी नवी होती आणि तिने ह्यांना घाबरवलं. मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते. मूठ वर फिरवली की अख्खी खिडकी वरच्या बाजूने आत कलते, जणू बिजागरी तुटून अंगावर येते आहे. ह्यांनी पहाटे ती वर फिरवली आणि दोन्ही हातांनी काच पेलून "अगं, लवकर ये" अशी कुजबुजत हाक मारली. कुजबुजत! दहानंतरचा नियम लागू पडला होता. मी गेले तर हे बनियनवर, खिडकी धरून, हनुमानासारखे उभे. दोघांनाही काही सुचेना. शेवटी मी हळूच म्हटलं, सोडून बघा. सोडली. काही झालं नाही. ती तशीच कलायची असते, हवा यायला.

सकाळी मालकीणबाई भेटल्या. साठीच्या, पांढरे आखूड केस, गळ्यात चष्मा, इंग्रजी आमच्यापेक्षा सावकाश आणि आमच्यापेक्षा शुद्ध. पहिल्यांदा फॉर्म भरून घेतला. जर्मन पाहुण्यांची त्यातून आता सुटका झाली आहे, परदेशी माणसाला मात्र नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर लिहून खाली सही करावीच लागते. मग बिलातला एक वेगळा आकडा दाखवला, शहराचा कर. २०२५ पासून तो खोलीच्या भाड्याच्या साडेसात टक्के झाला आहे, न्याहारीवर लागत नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि कागदावर वेगळं करून दाखवलं. मला ते आवडलं. आपल्याकडे हॉटेलात कर विचारला तर "मॅडम, सगळं इन्क्लूड आहे" असं सांगतात आणि निघताना कळतं की नव्हतं.

न्याहारी काचेच्या व्हरांड्यात, बागेकडे तोंड करून. गोल पाव, ज्याला बर्लिनकर श्रिपे म्हणतात. चक्क्याच्या जवळ जाणारं क्वार्क. चार प्रकारची चीज. घरचा रूबार्बचा मुरंबा. आणि कपात उभं केलेलं अंडं, त्याच्या डोक्यावर विणलेली लोकरीची टोपी. टोपी कशाला, तर अंडं गार होऊ नये म्हणून. ह्यांनी टोपीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "इथे अंड्यांना स्वेटर घालतात." चहाचं मात्र आमचं जमेना. कपात गरम पाणी आणि बाजूला पुडी, यावर दिवसाची सुरुवात होत नाही. दुसऱ्या दिवशी मी धीर करून पिशवीतली चहा पावडर, आलं आणि छोटं गाळणं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मालकीणबाईंनी पातेलं पुढे केलं आणि हाताची घडी घालून बघत राहिल्या. दूध घालून उकळायला लागले तेव्हा त्यांचा चेहरा मी दुधात काही तरी पाप करते आहे असा झाला. चव घेतल्यावर अर्धा कप स्वतःसाठी काढून ठेवला. तिसऱ्या दिवसापासून आलं त्यांनीच किसून ठेवलेलं असायचं.

रविवारी गोंधळ झाला. रविवारी दुकानं बंद असतात हे लेकाने सांगितलं होतं. पण रविवारचा आख्खा दिवस शांततेचा असतो, हे आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. बर्लिनमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार-सुट्टीचा पूर्ण दिवस आवाज करायचा नाही असा कायदा आहे. गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळकन वाजतात. यात 'पुण्याच्या वन्सं' हा शब्द कुठे येत नाही, म्हणून दुपारी एक वाजता आम्ही बागेत बसून ह्यांच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेचार, वन्सं चहा पिऊन ताज्यातवान्या. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावावा लागत नाही. ह्यांनी तो स्पीकरवर ठेवला होता. "अरे, किती हिरवंगार आहे, फिरव ना जरा, फिरव!" हे फोन घेऊन बागभर फिरायला लागले.

पाच मिनिटांनी कुंपणापलीकडून एक बाई आल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त म्हटलं, "आज रविवार आहे." एवढंच. जणू आम्ही वार विसरलो होतो आणि त्या आठवण करून द्यायला आल्या होत्या. ह्यांनी माफी मागितली, फोन बंद केला, आणि बागेत एकदम अशी शांतता झाली की मला मधमाश्या ऐकू आल्या. मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. माणसांच्या आवाजाचा एवढा काय तो विटाळ? आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी कुणाचा मिक्सर वाजला नाही तर कुणी आजारी तर नाही ना, म्हणून आम्ही बेल वाजवतो.

मग फिरायलाच निघालो. लेक हॅम्बुर्गहून परत आला होता. तो पुढे, आम्ही मागे, तिघंही हळू आवाजात.

आधी टील आलेवरची ती इमारत. कोपऱ्यावर गोल बुरूज, त्यावर शिरस्त्राणासारखं टोकदार छप्पर. हीच ती १९१२ ची रसायनशास्त्र संस्था. हान आणि स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियमात बेरियम सापडलं ते इथे. त्यांच्या सहकारी लिझे माइटनर त्या वेळी इथे नव्हत्या. ज्यू घराण्यात जन्मल्यामुळे जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनीतून निसटावं लागलं होतं, आणि बेरियमचा अर्थ, म्हणजे अणू दुभंगला हे, त्यांनी स्वीडनमध्ये, भाच्याबरोबर लावला. नोबेल एकट्या हानना. या इमारतीचं नाव आधी ऑटो हान यांच्यावरून होतं. २०१० मध्ये ते बदलून हान-माइटनर केलं. फळ्यावर मी ३१ वर्षं दोनच नावं लिहीत आले होते. तिसरं कधीतरी सांगितलं असेल, लिहिलं नाही एवढं नक्की.

तिथून ईनेश्ट्रासे २२ पाचेक मिनिटांवर. हीच ती दुसरी इमारत. आई सांगायची, इरावतीबाई कर्वे पुण्यात स्कूटरवरून जायच्या तेव्हा लोक थांबून बघायचे. त्याच इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पीएच.डी. करायला आल्या आणि याच रस्त्यावरच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत काम करू लागल्या. संस्था १९२७ साली उघडलेली, संचालक ऑयगेन फिशर, तेच त्यांचे मार्गदर्शक. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, गोऱ्यांची कवटी त्यातही वेगळी, असं फिशरना दाखवून हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या. आणि लिहून दिलं, की असमानता आहे, पण तिचा वंशाशी संबंध नाही. गुरूच्या दारात, परक्या भाषेत, पंचविशीच्या आतबाहेरच्या बाईने.

इमारत पिवळट, साधी, आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. रविवार, त्यामुळे बंद. बाहेर भिंतीवर १९८८ साली लावलेला फलक आहे. लेकाने तो वाचून मराठीत सांगितला, अडखळत, कारण असे शब्द आमच्या घरात मराठीत कधी लागले नव्हते. सक्तीच्या नसबंदीसाठी लागणारी प्रमाणपत्रं इथल्या शास्त्रज्ञांनी लिहिली. पुढे आउशवित्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले याने माणसांचे नमुने पाठवले ते याच पत्त्यावर. २०१४ मध्ये जवळच बांधकामासाठी खणताना हाडांचे तुकडे निघाले. नंतरच्या उत्खननात ते हजारोंनी सापडले. कुणाची हाडं हे ठरवता आलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये दालेमच्याच स्मशानभूमीत ती पुरली.

आम्ही तिघं फलकासमोर उभे होतो. समोरच्या बंगल्याच्या बागेत कुणी तरी नळीने गुलाबांना पाणी घालत होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. तेव्हाही जूनमध्ये लिंडनचा असाच वास येत असेल. आणि दुसरं, की इथे रविवारी गवत न कापण्याचा नियम आहे. हे काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांना गप्प बसा असं कुणी सांगितलं नव्हतं.

परत येताना आमच्या बंगल्याच्या शेजारच्या फाटकासमोर फरसबंदीत बसवलेले दोन पितळी चौकोन दिसले, तळहाताएवढे, नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी बसवतात ते. 'इथे राहत होते' अशी सुरुवात, नाव, जन्मवर्ष, आणि १९४२ मधली एक तारीख. गुरुवारी रात्री माझ्या बॅगेची चाकं त्यांवरूनच गेली होती.

आमच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये घराचा इतिहास लावला होता. पहिल्या दिवशी मी तो कौतुकाने वाचला होता. १९११ मध्ये एका कारखानदाराने बांधलं. १९२० च्या दशकात संगीताच्या मैफली व्हायच्या. १९४५ नंतर हा भाग अमेरिकन विभागात आला, घरात अधिकाऱ्यांची कुटुंबं राहिली. १९९४ पासून हॉटेल. रविवारी संध्याकाळी परत वाचलं. मैफलींनंतर एकदम अमेरिकन, मधली नाझींची वर्षं गायब.

विचारायचं की नाही यावर आमच्यात दोन मतं झाली. हे म्हणाले, पाहुण्याने यजमानाला असं विचारू नये. लेक म्हणाला, विचार, इथे विचारलेलं चालतं, न विचारलेलंच अवघड असतं. मी सोमवारी सकाळी, चहा उकळताना, विचारलं.

मालकीणबाई थोडा वेळ पातेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "१९३९ मध्ये घर विकलं गेलं." 'विकलं' म्हणताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर करून हवेत वाकवली. घर घेतलं तेव्हा त्यांनी दफ्तरखान्यात जाऊन कागद काढले होते. कारखानदाराचं कुटुंब निघून जाऊ शकलं, दक्षिण अमेरिकेला. किंमत किती मिळाली तो आकडा त्यांनी सांगितला नाही, फक्त म्हणाल्या, आत्ताच्या बागेतल्या छपरालाही तेवढे पुरले नसते. मग फ्रेममध्ये का नाही? तर त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं, लोक इथे सुट्टीला येतात, न्याहारीच्या आधी कशाला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. "फ्रेम तशीच राहिली," त्या म्हणाल्या. चहा उतू जायला आला होता. मी गॅस बारीक केला.

त्यावर मी काही बोलले नाही. फळ्यावरच्या दोन नावांचं मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी निघालो. चावी त्याच पेटीत टाकायची असते, पण मालकीणबाई स्वतः दारात आल्या. मी त्यांना चहा पावडरचा उरलेला पुडा दिला, त्यांनी मुरंब्याची बाटली दिली आणि सांगितलं, रिकामी झाली की फेकू नका, डाळी ठेवायला चांगली आहे. डाळी! लेकाने पढवलं असणार.

सकाळचे अकरा वाजून गेले होते, वार मंगळवार, रस्त्यात समोरून कचऱ्याची गाडी धडधडत येत होती. बॅग ओढायला कुठलाही नियम आड येत नव्हता. तरी ह्यांनी फाटकातून बाहेर पडताना ती उचलून घेतली, शेजारच्या घराच्या पुढे जाईपर्यंत. कोपऱ्यावर गुडघा बोलायला लागला, तशी खाली ठेवली.